गेलेल्या माणसांचे शर्ट

"कुणाचं हाय?"

कपड्यांची पिशवी हातात दिली की मामांचा पहिला प्रश्न हा. जुनं आहे का, फाटलंय का, मापाचं होईल का, असलं काही नाही. कुणाचं हाय? मग आपण गेलेल्या माणसाचं नाव सांगायचं. मामा शर्टाची घडी कपाळाला लावायचे आणि तिथल्या तिथे, अंगात आधीचा शर्ट असताना, त्याच्यावरच तो चढवून बघायचे. खांदे हलवायचे, बाह्या ओढायचे आणि म्हणायचे, "बसतो." बसायचा कधीच नाही. अंगानं हा एवढासा माणूस, आणि आमच्या सोसायटीतून वर जाणारे बहुतेक सगळे खात्यापित्या घरचे.

मामा आमच्या सोसायटीचे वॉचमन. नाशिक रोडला आमच्या जुन्या इमारती आहेत, त्यातल्या गेटजवळच्या इमारतीत तळमजल्यावर माझं घर आणि खिडकीशी माझं मशीन. फॉल-पिको, ब्लाउज, पॅन्टची उंची कमी करणं, ही माझी कामं. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, हे मला बसल्या जागी दिसतं. ही बाई फार चौकशा करते, असं लोक म्हणतात. म्हणू देत. खिडकी गेटकडे आहे, त्याला मी काय करू?

घरातलं माणूस गेलं की काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. तेरावा होतो, पाहुणे जातात, आणि मग एक दिवस कुणीतरी कपाट उघडतं. आत ओळीनं शर्ट लटकत असतात. ठेवावेत तर रोज दिसतात, टाकावेत तर हात धजत नाही. आमच्याकडे त्यावर एकच उपाय होता. खाली जायचं आणि मामांना द्यायचे.

माझे सासरे गेले तेव्हा त्यांचे कपडे मीच दिले. त्यात त्यांची तपकिरी सफारी होती. आठवडाभरानं मी सकाळी दूध आणायला बाहेर पडले, तर गेटपाशी सासरे पाठमोरे उभे! माझा हात डोक्यावर पदर घ्यायला वर गेला. अंगात गाऊन होता, पदर कुठला यायला? आता बोला!

"अहो मामा, जीव गेला असता ना माझा!"

मामा वळले. सफारीच्या कॉलरमध्ये त्यांची मान काडीसारखी दिसत होती. "एवढ्यात जाऊ नका ताई," म्हणाले. "तुमचे कपडे माझ्या काय कामाचे नाय."

त्याच सफारीत ते एकदा बँकेत गेले, तर दारावरच्या गार्डनं त्यांच्यासाठी दार उघडून धरलं. हे त्यांनी मला फार खूश होऊन सांगितलं. पुढे कमिटीनं त्यांना निळा युनिफॉर्म शिवून दिला. पहिल्याच दिवशी नव्या भाडेकरूनं गाडीची किल्ली त्यांच्याकडे भिरकावली आणि "ए, पुसून घे" म्हणाला. कुरिअरवाला पोरगा, जो आधी "काका" म्हणायचा, तो "ए मामू" म्हणायला लागला. थोड्याच दिवसांत मामा युनिफॉर्मची घडी घेऊन माझ्या खिडकीशी आले.

"ठेवा ताई तुमच्याकडं. ह्यात मला कुणी बघतच नाय. त्या कपड्यात निदान दचकतात तरी."

मी हसले. हसण्यासारखंच बोलायचे ते. पण त्या दिवशी नंतर कितीतरी वेळ मशीनवर हात चालला नाही माझा.

सगळेच कपडे मात्र ते घालत नसत. मागच्या इमारतीतला एक तरुण मुलगा गाडीवरून पडून गेला. त्याच्या आईनं त्याचं लाल जॅकेट आणून दिलं. मामांनी नाव विचारलं नाही, त्यांना ठाऊक होतं. घडी कपाळाला लावली आणि चढवून न बघताच आत ठेवली. नंतर ते जॅकेट कधी दिसलं नाही. एकदा मी विचारलंच.

"पार सातपूरला एकाला देऊन आलो," मामा म्हणाले. "ते इथं फिरायला नाय पाहिजे. त्याची आई दिवसभर खिडकीत बसलेली असती."

आता दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंबद्दल सांगायला हवं. त्यांचे यजमान, आमचे काका, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. कडक इस्त्री, खिशाला पेन, भांग एकदम सरळ. शेवटच्या काही वर्षांत त्यांना विसरायला व्हायला लागलं. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग घर. सकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि दुपारी कुठल्यातरी बाकावर सापडायचे. शेवटी काकू त्यांचे सगळे शर्ट घेऊन माझ्याकडे आल्या. प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत मी एक पांढरी पट्टी शिवून दिली. त्यावर काकूंनी न पुसणाऱ्या शाईनं स्वतः लिहिलं, 'हे हरवले असतील तर फोन करा', आणि खाली आपला नंबर.

त्या पट्टीमुळे काका अनेकदा घरी आले. फोन वाजला की काकू पर्स उचलायच्या. फोनवरचं बोलणंही त्यांना पाठ झालं होतं. "त्यांना बसवून ठेवा. पाणी द्या. रागावू नका हं त्यांच्यावर, त्यांना आठवत नाही. आलेच मी."

मग काका एका पहाटे झोपेतच गेले. काकूंनी वर्षभर कपाट उघडलं नाही. उघडलं त्या दिवशी सगळे शर्ट दोन पिशव्यांत भरून खाली आणले. मी कात्री घेतली आणि म्हटलं, थांबा, पट्ट्या उसवून देते.

"राहू द्या की ताई," मामा म्हणाले. "मी हरवलो तर मला कोण शोधणार हाय? निदान काकूंना फोन तरी जाईल."

काकू हसल्या. काका गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं, म्हणून कात्री खाली ठेवली.

त्यानंतर सकाळचा एक नेमच झाला. मामा काकांचा शर्ट घालून खालच्या कुंड्यांना पाणी घालायचे आणि वर गॅलरीत काकू चहाचा कप घेऊन उभ्या राहायच्या. "कॉलर नीट करा." "बाह्या खाली घ्या, थंडी आहे." मामा निमूटपणे बाह्या खाली घ्यायचे. हळूहळू ते काकांसारखे हात मागे बांधून चालायला लागले. मुद्दाम करत होते की आपोआप होत होतं, कोण जाणे. काही बायकांनी नावं ठेवली. मी तोंडावर बोलले, "तुमचे अजून घरात आहेत, म्हणून सुचतंय तुम्हाला." मी चांदवडची आहे, तोंड आवरत नाही मला.

तुम्हाला वाटेल, या माणसाला स्वतःचे कपडे नव्हतेच का? होते. मीटरच्या खोलीत खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली असायची. एकदा मामा त्या पिशवीतला सदरा घेऊन बटण लावायला आले. निळ्या बारीक पट्ट्यांचा, स्वच्छ धुतलेला. मी त्यांच्याच सुरात विचारलं, "कुणाचं हाय?"

"माझं," मामा म्हणाले, आणि चक्क लाजले.

बटण लावेपर्यंत मग सगळं निघालं. मामांचं गाव पेठच्या पुढे, डोंगरात. बायको तिथे असायची, भात-नागली बघायची. गावी जायचं असलं की मामा आधी नाशकातल्या पेठ नाक्यावर उतरायचे, तिथल्या संडासात जाऊन कपडे बदलायचे, सदरा-लेंगा-टोपी घालायचे आणि मगच पेठची गाडी धरायचे. येताना तसंच उलटं. त्यांचा एकुलता मुलगा लहानपणी तापानं गेला होता. त्याच्या आईनं त्याची सगळी कापडं त्याच्याबरोबर दिली होती. टोपडंसुद्धा मागे ठेवलं नाही.

"ती म्हणती, कापडाला माणूस चिकटून येतो," मामा सांगत होते. "मेल्या माणसाचं कापड आमच्या उंबऱ्याच्या आत नाय. पोराचं एवढंसं टोपडं तिनं ठेवलं नाय, आन् मी इथं गावभराचं अंगावर घेऊन फिरतोय. तिला कळलं ना ताई, तर ती मला हात लावू द्यायची नाय."

"मग घेता कशाला?" मी जरा चिडूनच म्हटलं.

"नको कसं म्हणू? लोक रडत रडत आणून देत्यात."

मी दोरा तोडला, सदरा हातात दिला. मामांनी तो पिशवीत ठेवला आणि जाता जाता थांबले.

"मला काय झालं ना ताई, तर त्या मेलेल्यांच्या कापडात गावाला पाठवू नका. एवढं बघा."

"बघते," मी म्हणाले. आपण म्हणतो तसं म्हणाले. असं बोलणं कुणी खरं धरतं का?

भात झोडायचे दिवस होते. मामा सकाळी मला सांगून निघाले, दोन दिवसांत येतो म्हणाले. अंगात काकांचा बदामी शर्ट, हातात ती कापडी पिशवी. काकूंनी वरून विचारलं, "स्वेटर घेतलात का?" मामांनी मान हलवली. घेतला नव्हता, मला दिसत होतं.

दुपारी काकू माझ्या दारात आल्या. पर्स खांद्याला, पायात चपला, केस नीट विंचरलेले.

"चल ग," म्हणाल्या. "ते सापडलेत. सिव्हिलला बसवून ठेवलंय त्यांना."

मला काही समजेना. पण त्यांचा चेहरा इतका घाईचा आणि इतका नेहमीचा होता, की मी मशीन बंद केलं आणि रिक्षा बोलावली. रिक्षात काकू बोलत होत्या. "दोन्ही पायांत चप्पल असेल ना? मागच्या वेळी एकच होती. जेवलेही नसतील." आणि मग मला सकाळचा तो बदामी शर्ट आठवला. मीच शिवलेली कॉलरमधली पट्टी आठवली. मी बाहेर बघत राहिले.

द्वारकेच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि काकूही बोलायच्या थांबल्या.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "ते तर गेलेत ना?"

"हो काकू."

"मग हे कोण?"

मी त्यांचा हात घट्ट धरला. सिव्हिल येईपर्यंत तो सोडला नाही.

हवालदार तरुण होता, भला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, पेठ नाक्यावर स्टँडच्या बाकावर बसल्या बसल्या गेले हे. खिशात काही नाही, पण कॉलरमध्ये नंबर. म्हणून फोन लावला. मी सांगायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, त्यांना पाणी द्या, रागावू नका. मला पुढचं बोलताच आलं नाही हो." त्याच्या हातात पाण्याची बाटली होती. ती त्यानं काकूंना दिली.

आत नेऊन त्यांनी चादर बाजूला केली. मामाच होते. डोळे अर्धवट मिटलेले, दाढी दोन दिवसांची. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मला भीती वाटायला लागली, या काय सांगतील!

"हे आमचे हे नाहीत," शेवटी त्या म्हणाल्या. "हे आमचे मामा."

गावाला फोन केला. बाकीचे सोपस्कार होईपर्यंत संध्याकाळ झाली आणि जीप आली. मामांची बायको उतरली, बरोबर पुतण्या. बारकीशी बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत, डोळ्यांत पाणी नाही. रडून झालेलं असावं. ती आमच्याजवळ येऊन बसली तेव्हा मला बटण लावताना दिलेला तो शब्द आठवला. हवालदार दोन पिशव्या घेऊन येत होता. एक कापडी. दुसरी प्लास्टिकची, तिच्यात अंगावरून उतरवलेले कपडे.

कापडी पिशवी तिनं लगेच ओळखली. "मीच शिवली ही," म्हणाली आणि उराशी धरली. मग प्लास्टिकच्या पिशवीतून शर्ट बाहेर काढला. उलगडला. मामांच्या दुप्पट मापाचा तो शर्ट तिनं दोन्ही हातांनी समोर धरला.

"कुणाचं हाय?"

तोच प्रश्न, तसाच. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी काकू बोलल्या. उभ्या जन्मात खोटं न बोललेली बाई.

"त्यांचाच," काकू म्हणाल्या. "दिवाळीला मी घेतला होता त्यांना. जरा मोठा झाला."

बाईनं शर्ट चाचपला. कॉलर उलटी केली. ती आता विरलेली कडा बघणार, विचारणार, आणि सगळं संपणार, असं मला वाटलं. तिचं बोट पट्टीवर थांबलं.

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. "हे हरवले असतील तर फोन करा."

"हा हरवंल म्हणून लिवलं?"

"हो," काकू म्हणाल्या. "खाली माझा नंबर आहे."

ती बाई उठली आणि काकूंच्या पाया पडली. "मला वाटायचं, शहरात याला कोण इचारतंय," म्हणाली. एवढंच. आणि तिथे तिचा बांध फुटला. काकू तिला थोपटत राहिल्या. मला तिथे उभं राहवेना. आमच्यातल्या एकाही माणसानं मामा हरवतील म्हणून कधी काही शिवलं नव्हतं, आणि ही बाई आमच्या पाया पडत होती.

डोळे पुसून तिनं शर्टाची घडी घातली आणि ती कापडी पिशवीत ठेवायला लागली. "याचं सगळं याच्यासंगं जाऊ दे," म्हणाली. "पोराचं पण तसंच दिलं होतं मी."

म्हणजे तो शर्ट जीपमधून गावाला जाणार होता. मामांनी नको म्हणून सांगितलं होतं तेच होणार होतं, आणि तेही आमच्याच खोट्यामुळे. मी काकूंकडे बघितलं. त्यांना मी तो शब्द कधीच सांगितला नव्हता. पण मुलगा, टोपडं, उंबरा, हे सगळं मामांनी कधीतरी कुंड्यांना पाणी घालता घालता त्यांनाही सांगितलेलं असणार. काकूंनी हात पुढे केला.

"तो मला द्याल?"

बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "मेल्या माणसाचं कापड ठेवू नाय, बाई. कापडाला माणूस चिकटून येतो."

"येऊ दे," काकू म्हणाल्या.

बाईनं थोडा विचार केला आणि शर्ट त्यांच्या हातात दिला. काकूंनी आपल्याच घरातला शर्ट दुसरीकडून मागून घेतला आणि पदराखाली धरला. पॅन्ट मी गुपचूप पिशवीसकट उचलली. कुणाची होती ती, मला माहीत होतं. माझ्या सासऱ्यांची, मीच उंची कमी करून दिलेली.

कापडी पिशवी घेऊन पुतण्या आत गेला. आम्ही बाहेर जीपपाशी उभ्या राहिलो. थोड्या वेळानं स्ट्रेचर आलं. वर एक म्हातारा होता. निळ्या पट्ट्यांचा सदरा, पांढरा लेंगा, डोक्याला टोपी. अंगाबरोबर बसलेले कपडे. खांदे खांद्यांवर, बाह्या मनगटाशी. कुठल्यातरी दूरच्या गावचा, मी कधी न पाहिलेला माणूस. मी बाजूला झाले, त्याला जाऊ दिलं, आणि दाराकडे बघत राहिले.

पुतण्यानं जीपचं मागचं दार उघडलं. मी त्याला म्हटलं, "अरे, थांबा, आमचे मामा अजून आत आहेत."

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मामांची बायको पुढे झाली. तिनं स्ट्रेचरवरच्या माणसाची टोपी नीट केली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, "हाच हाय, ताई. असाच दिसतो हा."